मोटारसायकलचा दिवा



परभणीहून गंगाखेडकडे जाणारा रस्ता तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. दिवसा तो अगदी ओळखीचा वाटतो. रात्री मात्र तोच रस्ता परका होतो. हिवाळ्यात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की उसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रीही रस्त्यावर असतात. त्यांतल्या कितीतरी गाड्यांना मागे लाल दिवा नसतो. वाळलेल्या पाचटाचा रंग अंधारात मिसळून जातो आणि अगदी जवळ जाईपर्यंत काही दिसत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीत परभणीला हजरत तुराबुल हक यांचा उरूस पाहून मी आणि माझा धाकटा भाऊ रात्री घरी निघालो होतो. गाडी जुनी होती. मी चालवत होतो. भाऊ मागे बसला होता आणि त्याच्या मांडीवर सामानाची जड पिशवी होती. पोखर्णी मागे पडले. समोरून एक ट्रक आला, त्याच्या प्रकाशाने डोळे दिपले. ट्रक निघून गेला आणि पुढे नुसता काळोख राहिला. तेवढ्यात भाऊ ओरडला, "भाईजान, सामने!"

रस्त्यावर उसाची एक ट्रॉली बंद पडून उभी होती. मी जोरात ब्रेक दाबला. ट्रॉलीमागे लोंबणारा ऊस हँडलला लागला, तेव्हा कुठे गाडी थांबली. भावाचा गुडघा खरचटला, एवढ्यावरच निभावले. घरी गेल्यावर अम्मीला आम्ही त्या रात्री काहीच सांगितले नाही.

माझा वेग काही फार नव्हता. ताशी ५० किलोमीटर असेल. मग असे का झाले? चला, थोडे गणित करू या. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. समोर काही आहे हे डोळ्यांनी पाहणे, मेंदूला ते समजणे आणि हातापायांनी ब्रेक दाबणे, यांत दीड सेकंद सहज जातो. तेवढ्यात गाडी सुमारे २० मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यावरही ती लगेच थांबत नाही. कोरड्या रस्त्यावर आणखी १५-१६ मीटर जाते. म्हणजे एकूण ३५ मीटर तरी लागतात. नंतर मी माझ्या दिव्याचा उजेड पावलांनी मोजून पाहिला. तो जेमतेम २५ मीटर पडत होता! ट्रॉली दिसली तेव्हाच उशीर झाला होता. भावाची नजर माझ्यापेक्षा तेज, म्हणून आम्ही वाचलो.

आपल्याला वस्तू दिसते ती कशी? पूर्वी अनेकांना वाटे, की डोळ्यांतून किरण निघतात आणि वस्तूला जाऊन भिडतात. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी बसरा येथे जन्मलेल्या इब्न अल-हैथम या विद्वानाने 'किताब अल-मनाजिर' या ग्रंथात हे मत खोडून काढले. वस्तूकडून प्रकाश आपल्या डोळ्यांत येतो, तेव्हा ती आपल्याला दिसते, असे त्याने दाखवले. आपल्या दिव्याचा उजेड ट्रॉलीपर्यंत जाऊन परत आला पाहिजे, तरच ट्रॉली दिसेल. त्यातच अंतर दुप्पट झाले की त्या जागी पडणारा उजेड निम्मा नव्हे, चौथा हिस्सा उरतो. म्हणून दूरचे पाहणे इतके अवघड असते.

दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन आमच्या गल्लीतल्या मेकॅनिक चाचांकडे गेलो आणि म्हणालो, "चाचा, शंभर वॅटचा बल्ब बसवून द्या."

चाचा हसले. म्हणाले, "मास्तर, नळाला पाणी येत नाही म्हणून तुम्ही मोठी बादली आणता का? आधी पाइप तर बघू या."

त्यांनी हेडलाइट उघडला. होल्डरमध्ये हिरवट गंज चढला होता. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा थर जमला होता. चेसिसला जोडलेली अर्थिंगची तारही सैल होती. माझ्या गाडीत १२ व्होल्टचा ३५ वॅटचा बल्ब होता. अशा बल्बला सुमारे ३ अँपिअर विद्युतप्रवाह लागतो. गंजामुळे वाटेत ०.४ ओहम एवढाच विरोध निर्माण झाला, तरी १.२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. विज्ञानाच्या तासाला शिकलेला ओहमचा नियम तुम्हाला आठवत असेल. बल्बला १२ ऐवजी १०.८ व्होल्ट मिळतात. दाब एक दशांशाने कमी झाला, पण उजेड मात्र जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो! तार पुरेशी तापली नाही, तर ती पिवळी पडते आणि प्रकाश फारच कमी देते. माझा दिवा पिवळा का दिसत होता, ते मला तेव्हा कळले.

चाचांनी पॉलिश पेपरने सगळे जोड घासले, तारा घट्ट केल्या आणि बल्ब बदलला. हॅलोजन बल्बच्या काचेला त्यांनी बोट लावले नाही, कापडाने धरला. बोटांचा तेलकटपणा काचेवर राहिला, तर बल्ब तापल्यावर तिथे काच खराब होते. बाहेरचे प्लॅस्टिकचे झाकण धुरकट झाले होते. ते ओल्या फडक्यावर थोडी टूथपेस्ट घेऊन हळूहळू चोळले, तेव्हा बरेच स्वच्छ झाले.

काही गाड्यांत रिले बसवूनही फायदा होतो. मग दिव्याचा प्रवाह बारीक स्विचमधून न जाता जाड तारेने थेट बॅटरीकडून येतो. पण ज्या जुन्या गाड्यांचा हेडलाइट इंजिन चालू असतानाच लागतो आणि इंजिन मंद झाले की मंदावतो, त्यांना बॅटरीचा प्रवाह मिळतच नाही. तिथे असा रिले उपयोगाचा नाही.

आणि शंभर वॅटचा बल्ब? त्याला जवळजवळ तिप्पट प्रवाह लागतो. बारीक तारा तापतात, होल्डर वितळतो. शिवाय समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. हॅलोजनसाठी बनवलेल्या परावर्तकात बाजारातला एलईडी बल्ब घातला, तरी बरेचदा हेच होते. उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी इकडेतिकडे फाकतो. त्या रात्री ट्रकने माझे जे केले, तेच मी दुसऱ्याचे का करावे?

एक गोष्ट मात्र मला मुळीच माहीत नव्हती. भाऊ आणि जड पिशवी मागे असल्यामुळे गाडीचा मागचा भाग दबला होता आणि दिव्याचे तोंड वर झाले होते. माझा अर्धा उजेड बाभळीच्या शेंड्यांवर पडत होता!

हे तपासणे सोपे आहे. तुमच्या अब्बांना किंवा मोठ्या भावाला सांगा, की गाडी सपाट जागी भिंतीसमोर १० मीटरवर उभी करा आणि तुम्ही तिच्यावर बसा. रोज मागे कोणी बसत असेल, तर त्यालाही बसवा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजून तुम्ही तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने खूण करा. आता डिपर लावला, की उजेडाची वरची कड त्या खुणेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली यायला हवी. ती वर असेल, तर दिव्याचा स्क्रू मोठ्या माणसांनी किंवा मेकॅनिकनेच फिरवावा.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे दिवे दिवसाही सुरूच राहतात. पण तेही वाकडे लागलेले असू शकतात. आमच्या दारासमोरच्या भिंतीवर माझी खडूची खूण होती. ईदच्या आधी अम्मीने भिंतीला रंग दिला आणि ती पुसली गेली. आता तिथे मी एक छोटा खिळा ठोकला आहे.