तोंडओळखीला कमी लेखू नका

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाताना कागल तालुक्यात बिद्री लागते. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळं हे नाव जिल्हाभर ठाऊक आहे. गोकुळ या जिल्हा दूध संघाचं शीतकरण केंद्रही इथंच, आणि इथल्या कॉलेजचं नावच दूधसाखर महाविद्यालय. दूध आणि ऊस यांवर या टापूतली घरं चालतात. माणसं एकमेकांना भेटतात तीही बहुतेक यांच्याच निमित्तानं: डेअरीत दूध घालताना, भांगलणीत पात धरल्यावर, उसाच्या वजनकाट्यावर, चहाच्या गाड्यावर, एसटीची वाट बघताना.

या भेटी दोन-चार मिनिटांच्या असतात. "काय, बरं हाय का?" "म्हस व्याली का?" "पोरगं आलंय न्हवं सुट्टीला?" एवढंच बोलणं होतं आणि माणसं आपापल्या वाटेला लागतात. त्यामुळं अशा बोलण्याला आपण काही किंमत देत नाही. मैत्री आणि गावपण कुठल्या तरी मोठ्या गोष्टीतून येतं, असं आपण धरून चालतो. अभ्यासकांचे निष्कर्ष मात्र वेगळे आहेत, आणि कोल्हापूरचा इतिहासही वेगळंच सांगतो. म्हणून नेहमी कानावर पडणारे काही गैरसमज इथं एकेक करून तपासू.

गैरसमज १: खरी मैत्री मोठ्या प्रसंगातून जमते, रोजच्या रामरामानं काही होत नाही.

वस्तुस्थिती: मैत्रीची सुरुवात बहुतेक वेळा वारंवार समोर येण्यातून होते. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या अमेरिकन संशोधकांनी एका विद्यार्थी वसाहतीचा अभ्यास करून १९५० साली तो पुस्तकरूपानं मांडला. कुणाचं घर कुठं असावं हे तिथं कुणी निवडलेलं नव्हतं, जे रिकामं झालं ते मिळालं. तरीही अगदी शेजारच्या दाराशी जवळची मैत्री असल्याचं प्रमाण ४१ टक्के निघालं. मधलं एक दार सोडून ते २२ टक्क्यांवर आलं आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाला १० टक्क्यांवर. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर जास्त ओळख होती, कारण वरची माणसं त्यांच्या दारावरून जात-येत होती.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली या प्रक्रियेला किती वेळ लागतो ते मोजायचा प्रयत्न केला. नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, मित्र म्हणण्याइतकं जवळ यायला ९० तास आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक तास एकत्र जावे लागतात, असा त्यांचा अंदाज आहे.

हे आकडे डेअरीच्या रांगेला लावून बघा. सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं धरली, तर वर्षाचे १२० तास होतात. आपल्या मागं-पुढं तीच माणसं वर्षानुवर्षं उभी असतात. किटली खाली ठेवायची, आपला नंबर यायची वाट बघायची, नमुना घेतला की फॅट किती लागली ते बघायचं. फॅट कमी लागली की मागचा विचारतो, "वैरण बदलली काय?" तिथून बोलणं पेंडीच्या भावावर जातं, मग पाण्याच्या पाळीवर, मग घरच्या आजारपणावर. हॉल यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. नुसतं एका जागी काम केल्यानं जवळीक वाढत नाही. गप्पा, थट्टा आणि विचारपूस झाली तर वाढते. रांगेत मोबाइलमध्ये डोकं घालून उभं राहिलं, तर ते १२० तास फुकट जातात.

गैरसमज २: जिवाभावाचे दोघे-चौघे असले की पुरे, बाकीच्या तोंडओळखी काय कामाच्या?

वस्तुस्थिती: जिवाभावाची माणसं हवीतच, पण तोंडओळखीची माणसं जे देतात ते वेगळं असतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ सालचा लेख या विषयात पायाभूत मानला जातो. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं की, ज्यानं बातमी दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? पाचात चौघांहून जास्त जणांचं उत्तर होतं, अधूनमधून किंवा क्वचितच. कारण सोपं आहे. आपल्या जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी येते ती दुसऱ्या घोळक्यात ऊठबस असलेल्याकडून.

गावात हे रोज घडतं. कुठल्या गावात चांगली म्हैस विकाऊ आहे, कोणत्या बँकेत कर्जाचे अर्ज सुरू झाले, गारगोटीला कुठल्या वर्गाचे प्रवेश चालू आहेत, ही माहिती सख्ख्या भावापेक्षा वजनकाट्यावर भेटणारा पलीकडच्या गावचा सभासद आधी देतो. कारखान्याचं कार्यक्षेत्र कागल, भुदरगड, राधानगरी आणि करवीर अशा चार तालुक्यांत पसरलेलं आहे. उसाच्या निमित्तानं इतक्या गावांतली माणसं एकमेकांना तोंडानं ओळखतात, ही या भागाची मोठी कमाई आहे.

शिवाय अशा ओळखींचा मनालाही आधार असतो. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात, ज्या दिवशी माणसांचं नुसत्या ओळखीच्यांशी जास्त बोलणं झालं, त्या दिवशी त्यांना जास्त बरं वाटलं आणि आपण इथले आहोत ही भावनाही जास्त जाणवली.

गैरसमज ३: एकटेपणा हा शहरातल्या म्हाताऱ्यांचा प्रश्न, गावात तो नसतो.

वस्तुस्थिती: जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा अहवाल जून २०२५ मध्ये आला. त्यानुसार जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा जाणवतो. प्रमाण सर्वांत जास्त आहे ते तरुणांत, आणि श्रीमंत देशांपेक्षा गरीब देशांत ते सुमारे दुप्पट आहे: ११ टक्क्यांच्या जागी २४. एकटेपणाशी जोडलेले मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजारांवर जातात असा अहवालाचा अंदाज आहे.

गावात घरं भिंतीला भिंत लागून असतात, म्हणून तिथं कुणी एकटं नसतं असं होत नाही. नव्यानं लग्न होऊन आलेली मुलगी घरभर माणसं असूनही महिनोन्‌महिने मनातलं कुणाला सांगू शकत नाही. पुण्या-मुंबईची नोकरी सोडून परतलेल्या पोराला पारावर बसायची लाज वाटते. मुलं बाहेरगावी असलेली आजी दिवसभर दारात बसून रस्ता बघते. यांतला कुणीही "मी एकटा आहे" असं तोंडानं म्हणणार नाही. "आजी, जेवलासा काय?" असं जाता-येता विचारणारं कुणी असलं, की आजचा दिवस कालच्यापेक्षा वेगळा जातो.

गैरसमज ४: आपण होऊन बोललो तर समोरच्याला चोंबडेपणा वाटतो.

वस्तुस्थिती: हा अंदाज आपला बहुतेक वेळा चुकतो. निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या लोकलमध्ये केलेला प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. काही प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, तर काहींना गप्प बसायला. बोलावं लागलं तर प्रवास नकोसा होईल असं लोकांना वाटत होतं. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचाच प्रवास सर्वांत चांगला झाला. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवलं की, पहिल्या भेटीनंतर आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज माणूस खऱ्यापेक्षा कमीच धरतो. म्हणजे दोघंही घरी जाताना "मी उगीच बोललो" म्हणत जातात आणि दोघांनाही एकमेकांचं बोलणं आवडलेलं असतं.

त्यासाठी बोलघेवडं असावं लागतं असंही नाही. अबोल माणूस दुसऱ्याची किटली उचलून देतो, शेजाऱ्याच्या म्हशीला औषध आणून देतो, पैऱ्याच्या कामाला वेळेवर हजर होतो. पैरा म्हणजे आज तुमच्या रानात मी, उद्या माझ्या रानात तुम्ही. त्यात बोलणं कमी असलं तरी भरवसा बसतो.

गैरसमज ५: संकट आलं की सगळे आपोआप धावून येतात, रोजच्या बोलण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

वस्तुस्थिती: संबंध आहे, आणि तो जिवावर बेतण्याइतका आहे. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची भीषण लाट आली आणि सातशेहून अधिक बळी गेले. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञानं लगतच्या दोन वस्त्यांची तुलना केली. दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संख्या मोठी. एका वस्तीत लाखामागे ४० जण दगावले, दुसरीत चार. कमी बळी गेलेल्या वस्तीत दुकानं उघडी होती, रस्त्यावर वर्दळ होती, म्हातारी माणसं पायी बाहेर पडत होती. कोण दिसलं नाही हे तिथं लगेच कळायचं.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर कोल्हापूर जिल्हा विसरलेला नाही. पाणी चढायला लागलं की बोट आणि पथक यायला वेळ लागतो. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, कुणाच्या गोठ्यात गाभण म्हैस आहे, कोण एकटंच राहतं, हे त्या घडीला शेजाऱ्यालाच ठाऊक असतं. ती माहिती पूर आल्यावर गोळा करता येत नाही. ती आधीच्या कित्येक साध्या दिवसांत, जाता-येता कानावर पडलेली असते.

गैरसमज ६: पूर्वी गावात सगळे एकोप्यानं राहायचे; मोबाइल आला आणि सगळं बिघडलं.

वस्तुस्थिती: मोबाइलनं रांगेतल्या गप्पा कमी केल्या हे खरं, पण पूर्वीचा एकोपा सगळ्यांसाठी नव्हता हे त्याहून खरं. पाणवठा वेगळा, वस्ती वेगळी, चहाचा कप वेगळा. रोजच्या लहान व्यवहारातून माणसं जोडली जातात, तशी त्याच व्यवहारातून तोडलीही जातात. जातिभेद टिकला तो मोठ्या घोषणांनी नव्हे. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं आणि कुणाच्या नाही, अशा रोज पाळल्या गेलेल्या बारीक नेमांनी तो टिकला.

हे ज्यांनी नेमकं ओळखलं, ते कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले राजर्षी शाहू महाराज. १९१९ साली त्यांनी सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने यांत अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढले. पण नुसत्या हुकमानं माणसाच्या मनातला विटाळ जात नाही, हे ते जाणून होते. संस्थानच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना हौदाच्या पाण्याला शिवल्याच्या कारणावरून मारहाण झाली होती. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला सांगून मदत केली. कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर सत्यसुधारक हॉटेल उभं राहिलं. दलिताच्या हातचा चहा प्यायला सवर्ण फिरकेनात, तेव्हा महाराज आपली गाडी तिथं थांबवू लागले. ते गंगारामांकडून चहा मागवून घेत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही देत.

या घटनेत एका राजानं आपला रोजचा चहा कुठं प्यायचा, एवढंच ठरवलं. पण ते त्यानं चारचौघांत, पुन्हा पुन्हा आणि जाणूनबुजून केलं. १९२२ साली महाराज गेल्यावर त्यांचं पहिलं स्मारक उभारण्यात पुढाकार घेतला तो याच गंगाराम कांबळे यांनी.

गैरसमज ७: आता तसं काही उरलेलं नाही, आपल्या गावात सगळ्यांशी सगळे बोलतात.

वस्तुस्थिती: सगळ्यांशी म्हणजे कुणाशी, हे एकदा नीट बघायला हवं. १९६३ साली स्थापन झालेल्या गोकुळनं आणि गावोगावच्या दूध संस्थांनी एक मोठं काम केलं: दूध फॅटवर मोजलं जातं, जातीवर नाही, आणि रांग सगळ्यांना एकच. पण रांगेत एकत्र उभं राहणारी माणसं चहाला एकत्र जातात का, एकमेकांच्या घरच्या कार्याला जेवायला बसतात का, याचं उत्तर गावागणिक वेगळं येतं.

आणि गळीत हंगामातलं चित्र तर डोळ्यांसमोरचं आहे. दिवाळीच्या आगेमागे बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोल्हापूर भागात उतरतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणून मोजलं जातं. पहाटेच्या थंडीत ती माणसं फडात असतात, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉली भरतात आणि रात्री खोपीत परततात. चार-पाच महिने ती आपल्या शिवारात राहतात. आपला ऊस त्यांच्या हातून कारखान्याला जातो. तरी त्यांतल्या किती जणांचं नाव आपल्याला माहीत असतं? टोळी मुकादमाच्या नावानं ओळखली जाते आणि बाकीची माणसं बिननावाची राहतात.

मजुरी, विमा, पोरांची शाळा हे प्रश्न कायद्यानं आणि संघटनेनंच सुटायचे; गोड बोलणं हा त्यांचा पर्याय होऊ शकत नाही. पण ज्याचं नाव माहीत आहे, ज्याची पोरगी कितवीत आहे हे माहीत आहे, त्याच्या हक्काची गोष्ट निघाली की आपण बाजूला उभं राहत नाही. ओळख झाली की डोळेझाक करणं अवघड होतं, आणि लहान बोलण्याचं सर्वांत मोठं मोल हेच आहे.

म्हणून करायच्या गोष्टी साध्या आहेत. रांगेत फोन खिशात ठेवा आणि मागच्या माणसाला एक प्रश्न विचारा. जिच्याशी सहसा कुणी बोलत नाही अशा सुनेला भांगलणीत आपल्या शेजारची पात द्या. चहाच्या गाड्यावर घोळक्याबाहेर उभ्या असलेल्याला हाक मारा. आणि यंदा आपल्या फडात टोळी आली की कोयते मोजण्याआधी नावं विचारून घ्या आणि हंगामभर त्या नावांनीच हाका मारा. कुणाला हाक मारायची आणि कुणाला वगळायचं, हे आपण रोज ठरवत असतो, आणि गाव घडतं ते त्या निवडीतूनच.