फांदीवरचा पक्षी आणि आपला कॅमेरा



विहिरीकाठची बाभूळ, पिकातले बुजगावणे, विजेची तार, शाळेच्या कुंपणाचा खांब. आपल्या गावात अशी उंच जागा शोधूनही सापडायची नाही, की जिच्यावर कधी पक्षी बसला नाही. आणि आता ज्याच्या खिशात मोबाईल, त्याच्या खिशात कॅमेरा. पक्षी दिसला की हात आपोआप खिशाकडे जातो. फोटो निघतो, पण घरी येऊन पाहावे तर फांद्यांच्या जाळ्यात एक काळा ठिपका! मग मुले विचारतात, "गुरुजी, यात पक्षी कुठाय?" आणि गुरुजींना बोट ठेवून दाखवावे लागते. असे का होते आणि त्यावर उपाय काय, याचा आज थोडा विचार करू.

पहिली अडचण अंतराची. माणूस दिसला की पक्षी सावध होतो. तो मान उंच करतो, अंग आवळतो, खाणे थांबवतो. ही त्याची भाषा आहे. "आता पुढे येऊ नका," असे तो सांगत असतो. तिथेच थांबावे, खाली बसावे आणि दुसरीकडे पाहावे. थोड्या वेळाने तो पुन्हा पिसे साफ करू लागला, तर समजावे की त्याने आपल्याला माफ केले. सरळ त्याच्या रोखाने चालत जाण्यापेक्षा तिरके, रमतगमत गेलेले बरे. गंमत अशी, की पायी चालणाऱ्या माणसाला जो पक्षी भितो, तोच बैलगाडीला किंवा मोटारीला तितका भीत नाही. गायबगळे तर चरणाऱ्या गुरांच्या पायांतच वावरतात. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी हे बरोबर हेरले होते. सुमारे १९०० साली त्यांनी बैलाच्या कातड्याचा एक पोकळ बैल बनवला आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन माणूस उभा केला! आपल्याला एवढा खटाटोप नको. शाळेची खिडकी आहे ना? खिडकीपासून चार-पाच हातांवर पाण्याचे पसरट भांडे ठेवा, शेजारी एक वाळकी फांदी रोवा आणि आत शांत बसा. पाण्यावर उतरण्याआधी बुलबुल, दयाळ, चिमण्या बहुधा त्या फांदीवर टेकतील.

नवशिक्याने कोणता पक्षी निवडावा? वेडा राघू. तारेवरून झेप घ्यायची, हवेतला किडा टिपायचा आणि परत त्याच जागी येऊन बसायचे, ही त्याची रीत. कोतवालाचे आणि खंड्याचेही बरेचसे असेच. म्हणजे पक्ष्याच्या मागे धावायचे कारण नाही. त्याची बैठक हेरावी, कॅमेरा तिच्यावर रोखून ठेवावा आणि तो परत येण्याची वाट पाहावी.

दुसरी गोष्ट उजेडाची. सकाळी ऊन कोवळे असताना सूर्य आपल्या पाठीशी ठेवावा. साधी खूण सांगतो: आपली सावली पक्ष्याच्या दिशेने पडली पाहिजे. असे केले, की पिसांचे रंग खुलतात आणि डोळ्यात प्रकाशाचा एक बारीक कण चमकतो. त्या कणानेच चित्रातला पक्षी जिवंत वाटतो. म्हणून कॅमेऱ्याची नजर नेहमी पक्ष्याच्या डोळ्यावर बसवावी. शेपटी थोडी पुसट आली तर चालते. डोळा पुसट आला तर चित्र गेले.

तिसरी गोष्ट हात हलण्याची. लांबचे भिंग जसे पक्ष्याला जवळ आणते, तसा हाताचा कंपही मोठा करून दाखवते. जुना ठोकताळा असा, की भिंग ४०० मिलिमीटरचे असेल तर शटर निदान एक-चारशेांश सेकंदाइतके जलद हवे. पक्षी बसलेला असला तरी मान सारखी फिरवतो, म्हणून त्याहून जलद ठेवलेले चांगले. कोपर गुडघ्यावर टेकावे किंवा कॅमेरा कुंपणाच्या दगडावर ठेवावा. मोबाईल असेल तर दोन बोटांनी चित्र ताणू नये. बहुतेक वेळा त्याने तपशील वाढत नाही, नुसते ठिपके मोठे होतात. त्याऐवजी दुर्बिणीच्या डोळा लावायच्या काचेवर मोबाईलचे भिंग नीट टेकवून पाहा. जरा सवय लागते, पण जमते.

आता पार्श्वभूमी. फांदीच्या मागे लगेच पाने असतील, तर पक्षी त्यांत हरवतो. मागची झाडी दूर असेल, तर ती मऊ रंगाच्या पडद्यासारखी दिसते आणि पक्षी उठून येतो. पुष्कळदा दोन पावले डावीकडे किंवा उजवीकडे सरकले, थोडे खाली बसले, की तेवढ्याने काम भागते.

आता आपण म्हणाल, "एवढं सगळं केलं, तरी बगळा नुसता पांढरा डाग का येतो?" त्याचे कारण असे. कॅमेरा समोरचे सगळे मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून उजेड मोजतो. काळ्या पाण्याजवळ एकटा बगळा असला, की काळोखाला भुलून तो जास्त उजेड घेतो आणि बगळ्याची पिसे जळून जातात. तेव्हा उजेड कमी करावा. उलट, उजळ आकाशापुढे कोतवाल बसला असेल, तर आकाशाला भुलून तो उजेड कमी घेतो आणि कोतवालाचा कोळसा होतो. तिथे उजेड वाढवावा. मोबाईलवरही पक्ष्यावर बोट ठेवले, की उजेड कमीजास्त करायची खूण समोर येते.

फोटो घरी आणल्यावर तो सुधारता येतो. पण सुधारणे म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. मूळ फोटो जसाच्या तसा जपून ठेवावा आणि त्याच्या नकलेवर काम करावे. प्रथम कडा कापाव्यात, मात्र पक्षी ज्या बाजूला पाहतो आहे त्या बाजूला मोकळी जागा सोडावी. नाहीतर तो भिंतीकडे तोंड करून बसल्यासारखा दिसतो. मग उजेड सारखा करावा. सावलीत दडलेला तपशील थोडाफार वर आणता येतो, पण जळून गेलेला पांढरा रंग परत येत नाही. त्यानंतर रंग, आणि सगळ्यांत शेवटी रेषांना किंचित धार. मीठ जसे चवीपुरते, तशी ही धार. हललेला फोटो मात्र कितीही धार लावली तरी सुधारत नाही.

गुरुजनांनी इथे एक गोष्ट जरूर ध्यानात घ्यावी. दयाळ पक्ष्यात नर काळा कुळकुळीत आणि मादी करडी असते. चित्र "छान" दिसावे म्हणून काळोख वाढवला, तर मादीचा नर होऊन बसतो! रंग हीच पक्ष्याची ओळख असते. २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी जो मोठा अहवाल निघाला, तो देशभरच्या सुमारे ३०,००० पक्षी निरीक्षकांनी केलेल्या नोंदींवर उभा आहे. आपल्या शाळेतल्या मुलाचा फोटोही उद्या अशी नोंद ठरू शकेल. म्हणून फोटोबरोबर तारीख, वेळ आणि गाव लिहावे, आणि चित्रात जे नव्हते ते घालू नये.

आता शेवटचा आणि सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. घरट्याचा फोटो काढू नये. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. कडक उन्हात ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांना गारवा देते. आपण चांगल्या फोटोसाठी तिथे रेंगाळलो, तर ती ओरडत वर घिरट्या घालत राहते, खाली अंडी तापतात आणि कावळा मात्र सगळे पाहत असतो. आपल्याला मिळते एक चित्र, तिचे जाते सारे पोर-बाळ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणे हेही धरले आहे. बंदूक हातात नसली तरी ती शिकारच. आणि पक्षीही कधी कधी उलटतो. एरिक हॉस्किंग हे इंग्लंडमधले मोठे पक्षी-छायाचित्रकार. १९३७ साली वेल्समध्ये घुबडाच्या घरट्यापाशी रात्री गेले असता घुबडाने झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा कायमचा गेला.

त्याचप्रमाणे मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. तो गाणे ऐकायला येत नाही. आपल्या हद्दीत कुणी परका शिरला, या काळजीने लढायला येतो. पिले भरवायचे सोडून तो आपल्या मागे लागतो. दगड मारून उडवणे तर दूरच राहो. घुबडाची ढोली सापडली, तर तिचा ठावठिकाणाही चारचौघांत सांगू नये.

तेव्हा मंडळी, येत्या महिन्यात एकच करा. गावातली एक तार, एक खांब किंवा एक बाभळीची फांदी निवडा. रोज ठराविक वेळी पंधरा मिनिटे मुलांना घेऊन तिथे बसा. कोण आले, किती वेळ बसले, काय खाल्ले, ते वहीत लिहा आणि जमेल तेव्हा फोटो घ्या. महिनाअखेर वही आणि फोटो शेजारी-शेजारी ठेवून पाहा. फोटो थोडेच असतील; पण त्यातला प्रत्येक पक्षी मुलांना नावाने माहीत झालेला असेल, आणि आपण उठून आल्यावरही तो त्या फांदीवर बसलेला असेल.