इर्जिकीवर उभा राहिलेला खेळ

जुन्नर-आंबेगावच्या जुन्या माणसांना इर्जिक समजावून सांगावी लागत नाही. एकाचे रान नांगरायचे असले की शेजारी आपापले बैल घेऊन येत, दिवसात काम उरके, मग जेवणावळ होई. मजुरी कोणी मागत नसे. याच रीतीने संगणकावरचा मोठा युद्धखेळ तयार करता येईल काय? काही मंडळींनी ते खरोखरच करून पाहिले आहे.

'झिरो ए. डी.' हा तो खेळ. २००१ साली त्याची कल्पना निघाली. २००९ साली त्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली झाली. ती कोणीही वाचावी, सुधारावी, वाटावी. मात्र सुधारून वाटली तर तीही खुलीच ठेवावी, ही अट. ग्रीक-रोमनांबरोबर मौर्यांचे सैन्यही त्यात आहे.

काम किती अवघड, ते पाहा. पाचशे शिपाई नाणेघाट चढवायचे तर प्रत्येकाची वाट यंत्राने शोधली पाहिजे. एक खेळाडू जुन्नरला व दुसरा मंचरला असला, तर तारेवरून शिपाई जात नाहीत, फक्त हुकूम जातात. लढाईचा हिशेब दोन्ही यंत्रे स्वतंत्रपणे करतात. तो रतिभर चुकला, की जुन्नरला मेलेला शिपाई मंचरला जिवंत राहतो आणि खेळ मोडतो. अशी चूक शोधण्यात दिवसच्या दिवस जातात, आणि सापडली तरी पडद्यावर नवे काही दिसत नाही.

इथेच इर्जिकीचा कस लागतो. युनियनच्या कामात मी हेच पाहिले: मोर्च्याला माणसे मिळतात, वर्गणीच्या पावत्यांचा हिशेब ठेवायला मिळत नाहीत. नवा हत्ती, नवा किल्ला रचायला हौशी पुष्कळ. जुनी चूक दुरुस्त करायला थोडे. नोकरी लागली की माणूस जातो, आणि त्याने काय लिहिले ते त्यालाच ठाऊक असते. पगार घेतलेला नाही, तर जाब कसा विचारणार? २०१३ साली पगारी प्रोग्रामर ठेवण्यासाठी १ लाख ६० हजार डॉलरांचे आवाहन केले. सुमारे ३३ हजार जमले. २०२५ साली सत्ताविसावी आवृत्ती 'अग्नी' निघाली, तेव्हाही तिच्यावर 'अल्फा', म्हणजे कच्ची, हाच शिक्का होता.

मग हे फुकटचे श्रम मजुरीवर घाला नव्हेत काय? फरक मालकीचा आहे. धन्याच्या रानात फुकट राबणे ती वेठ. आज तुझे, उद्या माझे म्हणून राबणे ती इर्जिक. या खेळाचे पीक कोणालाच कुलपात घालता येत नाही, म्हणून मी त्याला इर्जिक म्हणतो. पण इर्जिक एका दिवसाची असते. ती वीस वर्षे चालवायची, तर कोणीतरी पावत्या लिहिल्याच पाहिजेत, आणि त्याच्या चुलीची काळजी बाकीच्यांनी वाहिली पाहिजे.