पाहुणा दारातच का अडतो?

संकेतस्थळाचे एक पान उघडावे आणि त्याने आपल्याला आपोआप दुसऱ्या पानावर न्यावे, यात नवल वाटण्याजोगे आता काही उरलेले नाही. परंतु 'न्यावे' हा शब्द फसवा आहे. सर्व्हर कोणालाही कोठेही नेत नाही. कचेरीतला कारकून जसा "पलीकडच्या खिडकीवर जा" एवढेच सांगतो आणि चालावे आपल्यालाच लागते, तसा तो ब्राउझरला फक्त नवा पत्ता सांगतो.

हे सांगण्याची जागाही ठरलेली आहे. सर्व्हरच्या उत्तरात आधी हेडर येतात, मग एक कोरी ओळ, आणि त्यानंतर पानाचा मजकूर. ३०२ हा क्रमांक आणि 'लोकेशन' या नावाखाली नवा पत्ता, ही दोन्ही वरच्या भागातच जावी लागतात. मजकुराचा एक बाइट जरी रवाना झाला तरी तो भाग बंद होतो.

माझ्या एका मित्राने पीएचपीत छोटासा प्रोग्राम लिहिला होता. वाचकाचा ब्राउझर कोणती भाषा मागतो ते पाहून त्याला मराठी किंवा कानडी पानावर धाडायचे, एवढेच त्याचे काम. घरच्या संगणकावर तो बिनतक्रार चाले. सर्व्हरवर मात्र कोरे पान. मित्राने पत्ता दहादा तपासला. मी त्याला म्हटले, आधी चुकांच्या सूचना पडद्यावर दिसू देत. तसे करताच खुलासा झाला : हेडर आधीच गेलेले आहेत, आणि मजकुराला सुरुवात झाली ती फाइलीच्या पहिल्याच ओळीत. त्या ओळीत तर पीएचपीच्या आरंभखुणेखेरीज काहीच दिसत नव्हते!

दिसत नव्हते, पण होते. यूटीएफ-८ फाइलीच्या आरंभी काही संपादक २३९, १८७, १९१ असे तीन अदृश्य बाइट घालतात. या खुणेला बीओएम म्हणतात. जुने नोटपॅड हे हटकून करी. केवळ इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही खूण सहसा भेटत नसे. देवनागरी किंवा कानडी अक्षर आले की यूटीएफ-८ निवडावे लागे आणि मागोमाग खूण येई. आपल्या लिपीत लिहिण्याचा हा भुर्दंडच म्हणायचा! २०१९ पासून विंडोज १० च्या नोटपॅडने ही सवय सोडली. जुन्या फाइली मात्र उरल्याच आहेत. बीओएमशिवाय फाइल पुन्हा जतन केली आणि काम झाले.

मग घरी ते कसे चालले? तेथील पीएचपी ४०९६ बाइटांपर्यंत मजकूर राखून ठेवी, त्यामुळे हेडरला पुढे जायला वाव मिळे. सर्व्हरवर ही सोय बंद होती. ती चालू करून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. रोग दबतो, जात नाही. जोडलेल्या फाइलीच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही असाच घोटाळा करते, म्हणून निव्वळ पीएचपीच्या फाइलीत समाप्तीची खूण घालूच नये.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. पत्ता सांगितल्यावर प्रोग्राम आपोआप थांबत नाही. त्याला 'एक्झिट' म्हणून थांबवावे लागते. समजा, परवलीचा शब्द न देता गुणपत्रिकेच्या पानावर आलेल्याला परत धाडायचे आहे आणि ही एक ओळ राहिली. ब्राउझर मुकाट्याने परत जातो, सर्वांना वाटते कुलूप लागले. प्रत्यक्षात त्याच उत्तरातून सगळे गुणही गेलेले असतात. आणि कर्लसारखे साधन, जे सांगितल्याशिवाय नव्या पत्त्यावर जात नाही, ते वापरणाऱ्याला ते स्वच्छ वाचता येतात.