गॅरेजमधला अंदाजपंचे कारभार आणि दुचाकीमालकाचे हक्क

दुचाकीच्या दुरुस्तीतील हलगर्जीपणा ही वरकरणी किरकोळ बाब वाटते, कारण एकेका तक्रारीत गुंतलेली रक्कम बहुधा चार-पाचशे रुपयांची असते आणि तेवढ्यासाठी रोजच्या ओळखीच्या मेकॅनिकशी वाकडे घ्यावे असे कोणालाच वाटत नाही. परंतु ज्या राज्यात दूधवाल्यापासून शाळामास्तरापर्यंत असंख्य कुटुंबांचे येणे-जाणे दोन चाकांवर चालते, तेथे ब्रेक कोणी बसवला आणि चाकाची नट कोणी आवळली हे प्रश्न अखेरीस जिवाशी येऊन भिडतात. या सेवेचा एक विशेष असा की शिंप्याने बाही वाकडी लावली तर ती घालताक्षणी दिसते, मेकॅनिकचे चुकलेले काम मात्र इंजिनच्या झाकणाआड राहते आणि पाचशे-हजार किलोमीटरनंतर, बिल हरवलेले असताना, उघडकीस येते. त्यात भर अशी की गॅरेजमध्ये पाना चालतो तो अंदाजाने आणि व्यवहार चालतो तो तोंडी. काम मोजलेले नसते, बोलणे लिहिलेले नसते, आणि वादाची वेळ आली की ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ चाललेल्या या कारभारात नेमके काय बिघडले व कोणी बिघडवले हे सिद्ध करणे दोन्ही बाजूंना जड जाते.

या अंदाजाचा सर्वांत बोलका नमुना इंजिनच्या तळाशी सापडतो. जुने ऑइल काढून टाकण्यासाठी तेथे एक बोल्ट असतो, त्याला ड्रेन बोल्ट म्हणतात. तो पोलादाचा असतो आणि ज्या कवचात, म्हणजे क्रँककेसमध्ये, तो बसतो ते ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, पोलादापेक्षा बरेच मऊ असते. बोल्ट प्रमाणाबाहेर आवळला की बोल्टाला काही होत नाही, कवचाच्या भोकातील आटे मात्र सोलले जातात. बोल्ट किती आवळायचा याचा आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटर या एककात दिलेला असतो, आणि हे एकक म्हणजे पान्यावर लावलेला जोर व पान्याची लांबी यांचा गुणाकार होय. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत हा आकडा साधारण २५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर दहा किलो वजनाइतका दाब दिला की तो भरतो. त्याच पान्यात लोखंडी पाइप अडकवून लांबी दुप्पट केली आणि तीस किलोंचा जोर दिला, तर बोल्टावर जवळजवळ १५० न्यूटन-मीटर, म्हणजे नेमलेल्याच्या सहापट, पीळ पडतो. हा पीळ मोजणारा टॉर्क रेंच नावाचा पाना, जो ठरलेला जोर येताच ‘कट्’ असा आवाज करून सूचना देतो, काही हजार रुपयांत मिळतो; तरीही कित्येक गॅरेजांत तो नसतो, आणि असलाच तर भिंतीवर टांगलेला असतो.

पण आटे एका दिवसात जातातच असे नाही, आणि गोष्ट खरी गुंतागुंतीची होते ती येथे. बोल्टाखाली तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पातळ वायसर असते. ती आवळताना चेपते व फट बुजवते, म्हणून दर वेळी ऑइल बदलताना नवी घालायची असते. किंमत अगदी किरकोळ असूनही ती पुष्कळदा बदलली जात नाही, मग चेपलेल्या जुन्या वायसरीतून ऑइल पाझरू लागते, पाझर थांबावा म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगला बोल्ट आणखी थोडा आवळला जातो, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी थोडा, आणि अखेर एका सकाळी कोणाच्या तरी हातात तो नुसताच गरगर फिरतो. त्या क्षणी पाना ज्याच्या हातात असेल तो गुन्हेगार ठरतो, वास्तविक नुकसान हप्त्याहप्त्याने आणि कदाचित तीन वेगवेगळ्या गॅरेजांत झालेले असते. प्रामाणिक मेकॅनिक अशा वेळी मालकाला बोलावून दाखवतो आणि भोक थोडे मोठे करून त्यात हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून घेतो. हलगर्जी मेकॅनिक बोल्टाला टेफ्लॉनची पट्टी गुंडाळतो किंवा वरून एम-सील थापतो आणि गाडी पुसून परत देतो. कारागिराच्या हातून चूक होणे समजण्यासारखे आहे. चूक झाकून पैसे घेणे हा मात्र वेगळा प्रकार आहे, आणि ग्राहकाचा खरा राग त्यावरच असायला हवा.

ऑइलच्या निवडीतही असाच घोळ होतो. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, मोटारीचा तसा नसतो. मोटारीच्या कित्येक ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असल्याने ते ऑइल मोटारसायकलीत ओतल्यास क्लचप्लेटा घसरू लागतात, इंजिन ओरडते आणि गाडी पळत नाही. म्हणूनच डब्यावर ‘जॅसो एमए’ किंवा ‘एमए-२’ ही जपानी मानकाची खूण पाहिली जाते. ‘एमबी’ खुणेचे ऑइल ज्यांचा क्लच कोरडा असतो अशा ऑटोमॅटिक स्कूटरांसाठी असते. पिंपातून मापाने काढून ओतलेल्या ऑइलवर कोणतीच खूण नसते.

ब्रेकचे काम याहून गंभीर आहे. डिस्क ब्रेकचे पॅड बदलताना कॅलिपरमधील, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या भागातील, पिस्टन मागे दाबावे लागतात, आणि नवे पॅड बसल्यावर लिव्हर पाच-सहा वेळा दाबून ते पुन्हा पुढे आणावे लागतात. हे करायचे राहिले तर गाडी उभी असताना काही कळत नाही. पहिल्या चौकात ग्राहक ब्रेक दाबतो तेव्हा लिव्हर थेट मुठीला टेकते आणि गाडी थांबत नाही. ड्रम ब्रेकच्या लायनरला लागलेले ग्रीसचे बोट हाही त्याच जातीचा अपराध.

याची कारणे केवळ मेकॅनिकच्या स्वभावात शोधणे अन्यायाचे ठरेल. भारतात वाहन चालवण्यासाठी परवाना लागतो, दुरुस्त करण्यासाठी लागत नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण गल्लीतील बहुतेक मिस्त्री उस्तादाच्या हाताखाली पाने उचलूनच तयार झालेले असतात. त्या शिक्षणात कार्ब्युरेटरचे कान पिळणे उत्तम शिकवले जात असे. मात्र एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी एबीएस किंवा दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस यंत्रणा सक्तीची झाली, आणि एप्रिल २०२० पासून प्रदूषणाच्या बीएस-६ निकषांमुळे इंधन सोडण्याचे काम बहुतेक गाड्यांत सेन्सर व संगणकाकडे गेले, तेव्हा कानाने इंजिन ऐकून निदान करण्याची जुनी विद्या अर्ध्यावर अपुरी पडली. शिवाय मजुरी गाडीमागे मिळत असल्याने दिवसाकाठी जितक्या गाड्या निघतील तितके बरे, असा हिशेब होतो. अधिकृत सर्व्हिस सेंटर या हिशेबातून सुटलेले आहे असेही नाही. तेथे फरशी स्वच्छ असते आणि बिल छापील मिळते, पण काम करणारा हात ग्राहकाला दिसत नाही. ग्राहकही निर्दोष नाही, कारण ‘पुण्याच्या नाना पेठेत हाच पार्ट निम्म्याला मिळतो’ असे सुनावून घासाघीस करणारा आणि तासाभरात गाडी मागणारा तोच असतो.

तेव्हा वाद जिंकला किंवा हरला जातो तो गाडी देतानाच. जॉबकार्ड, म्हणजे गाडीची तक्रार, किलोमीटरचा आकडा, करावयाचे काम आणि अंदाजे खर्च यांची लेखी नोंद, अधिकृत सेंटरमध्ये आपोआप होते. छोट्या गॅरेजात तिची जागा मालकाने मेकॅनिकला पाठवलेला व्हॉट्सॲप संदेश घेऊ शकतो, आणि ‘मागचा ब्रेक लागत नाही, लायनर बदलणे, जुने लायनर परत देणे’ एवढ्या ओळीने पुष्कळ काम होते. जुने भाग परत मागण्याची सवय विशेष मोलाची, कारण भाग खरोखर बदलला की नाही याचा दुसरा पुरावा सहसा नसतो. गाडी परत घेताना बसण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत, इंजिनखाली बोट फिरवून ओल तपासावी, मधल्या स्टँडवर चाक फिरवून चेनची ढील पाहावी (रोजच्या वापराच्या गाड्यांत ती मध्यभागी साधारण दोन ते तीन सेंटिमीटर असते) आणि मेकॅनिकला मागे बसवून एक फेरी मारावी. ट्रायल मागितल्याने चांगला मिस्त्री रागावत नाही.

दोष नंतर आढळला तर पहिली चूक बहुतेकजण करतात ती अशी की रागाच्या भरात गाडी दुसऱ्या गॅरेजात नेऊन इंजिन उघडतात. त्यामुळे पुरावा मोडतो आणि पहिला मेकॅनिक ‘त्याने बिघडवले’ म्हणायला मोकळा होतो. त्याऐवजी फोटो व व्हिडिओ काढून, किलोमीटर नोंदवून, गाडी पहिल्याकडेच न्यावी आणि दुरुस्त करण्याची संधी लेखी द्यावी, म्हणजे तो नकार देवो वा होकार, त्याची नोंद राहते. नकार मिळाल्यावर मात्र दुसऱ्या जाणकार मेकॅनिककडून काहीही खोलण्याआधी सही-तारखेसह लेखी अभिप्राय घ्यावा. पैसे न देता गाडी ओढून नेण्याचा प्रयत्न करू नये; भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार दुसऱ्याच्या वस्तूवर आपले कौशल्य खर्च करणाऱ्याला मोबदला मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा, म्हणजे धारणाधिकाराचा, हक्क असतो. हा हक्क ठरल्याप्रमाणे काम करणाऱ्यालाच मिळतो हे खरे, पण तो मुद्दा गॅरेजच्या दारात नव्हे, पुढे मांडायचा असतो. तूर्त बिलावर ‘काम मान्य नाही, हरकत राखून पैसे दिले’ असे लिहून गाडी सोडवावी.

त्याच अधिनियमाच्या कलम १५१ प्रमाणे निक्षेपात, म्हणजे ठरावीक कामासाठी सोपवलेल्या वस्तूच्या बाबतीत, ती सांभाळणाऱ्याने शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी लागते. गॅरेजात लटकणारी ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर’ ही पाटी वाचून ग्राहक गप्प बसतात, पण दिल्लीतील एका हॉटेलच्या ताब्यातून चोरीस गेलेल्या मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा छापील अटीमागे हॉटेलला स्वतःचा निष्काळजीपणा लपवू दिला नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अधिक थेट आहे. पैसे घेऊन केलेल्या कामाच्या गुणवत्तेत किंवा पद्धतीत उणीव राहिली तर ती ‘सेवेतील त्रुटी’ ठरते, आणि बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते. सदोष दुरुस्तीमुळे इजा झाल्यास वस्तूवर सेवा देणाराही ‘उत्पादन दायित्वा’त, म्हणजे वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईच्या जबाबदारीत, येतो. दुचाकीवर डबे किंवा पार्सले पोहोचवून पोट भरणारा माणूसही, व्यवसाय स्वतःच्या उपजीविकेसाठी असेल तर, या कायद्यात ग्राहकच असतो.

तक्रारीची पहिली पायरी म्हणजे १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, जी समोरच्याशी बोलून समेट घडवण्याचा प्रयत्न करते. महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केल्यापासून स्थानिक कार्यकर्त्यांचीही मदत मिळू शकते. हे प्रयत्न निष्फळ ठरल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून तक्रार दाखल करता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. कायद्याने निकालासाठी तीन महिने, तांत्रिक तपासणी लागल्यास पाच महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात याहून बराच वेळ जातो. त्रुटी सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असल्याने जॉबकार्ड, हरकतीची ओळ आणि दुसऱ्या मेकॅनिकचा कागद यांवरच सारे ठरते. ऑनलाइन दिलेल्या पैशांची नोंद रक्कम सांगते, काम सांगत नाही.

एका वायसरीसाठी कोणी आयोगाची पायरी चढावी असे म्हणता येणार नाही. तेथे गॅरेज बदलणे हाच व्यवहार्य उपाय. इंजिन उतरवावे लागले असेल तर मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत संपण्यापूर्वी तक्रार जरूर करावी, आणि ब्रेकच्या कामातील हलगर्जीपणा असेल तर रक्कम कितीही लहान असली तरी वाचकांनी निदान हेल्पलाइनवर त्याची नोंद केल्याशिवाय राहू नये.