वाहता आकडा आणि वहीतील नोंद

हिशेबाच्या वहीत शाईने लिहिलेला आकडा आपणहून बदलत नाही. खाडाखोड झालीच तर ती दिसते. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ‘व्हिजिकॅल्क’ सिद्ध केले आणि ही वही संगणकाच्या पडद्यावर आली. एक आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेल्या बेरजा आपोआप बदलू लागल्या. पुढे ‘एक्सेल ९७’मध्ये संकेतस्थळावरील तक्ता थेट वहीत आणण्याची सोय झाली.

हे घडते कसे? चौकटीत आकडा नसतो, आज्ञा असते. ‘गूगल शीट्स’मधील ‘इम्पोर्टएचटीएमएल’ या सूत्राला तीन गोष्टी सांगाव्या लागतात : पानाचा पत्ता, तक्ता हवा की यादी, आणि त्या पानावरील कितवा. सूत्र ते पान वाचून ओळी व रकाने भरते आणि वही उघडी असेपर्यंत दर तासाला नवी माहिती तपासते. म्हणजे ‘थेट’ याचा अर्थ ‘तत्क्षणी’ असा नव्हे.

या सोयीतच एक धोका दडलेला आहे. समजा, परदेशस्थ माजी विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीनिधीस १०० डॉलर दिले. त्या दिवशी दर ८३ रुपये. नोंद ८,३०० रुपयांची. हा दर थेट संकेतस्थळाशी जोडलेला असेल आणि महिन्याने तो ८५ झाला, तर जुनी नोंदही निमूटपणे ८,५०० होईल. पावती एक सांगेल, वही दुसरे. आणि खाडाखोड कोठेही दिसणार नाही. दुसरा धोका असा की, पानावर वरच्या बाजूस नवा तक्ता आला, तर कालचा तिसरा तक्ता आज चौथा होतो. सूत्र मात्र इमानाने तिसराच आणते. चूक झाल्याची सूचना देत नाही.

उपाय साधा आहे. वाहत्या आकड्यांसाठी एक पान ठेवावे, नोंदींसाठी दुसरे. नोंद करताना सूत्राऐवजी केवळ मूल्य चिकटवावे. शेजारी तारीख, वेळ आणि आकड्याचा उगम लिहावा. देणगीच्या बाबतीत तर बँकेत प्रत्यक्ष जमा झालेली रक्कमच प्रमाण मानावी.

आजचा भाव जाणून घेण्यासाठी वाहता आकडा अवश्य वापरावा. परंतु कोणाच्या विश्वासाने सोपविलेल्या पैशाचा जाब ज्या वहीतून द्यावयाचा, तिच्यातील आकडा स्थिरच असला पाहिजे.