विश्लेषण : लाइव्ह कॉन्सर्टला वारंवार जाणे परवडते का? राहूहून मांडलेला हिशेब

नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलजीत दोसांझ कोथरूडमध्ये गाऊन गेला. जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’चे नवी मुंबईत तीन कार्यक्रम झाले आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला एड शीरन पुण्यात आला. प्रत्येक वेळी व्हॉट्सॲपचे स्टेटस आणि इन्स्टाग्रामची रील्स भरून गेली. पुण्यात शिकणारे, वाघोली किंवा रांजणगावला कामाला जाणारे दौंड-शिरूरचे तरुणही हे सगळे पाहत होते. ‘एकदा जाऊच’ इथपर्यंत ठीक असते. पण एकदा जाऊन आल्यावर पुढचा प्रश्न येतो : दर दोन-तीन महिन्यांनी जावे का? मुळा-मुठा आणि भीमा यांच्यामधल्या राहूबेटातल्या माणसाच्या खिशाने हा हिशेब मांडला, तर उत्तर काय येते?

तिकीट हाच खर्च का नव्हे?

तिकीट विक्रीच्या ॲपवर दिसणारा पहिला आकडा शेवटचा नसतो. कार्यक्रमाचे तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी लागत नाही. त्याहून महाग असेल तर १८ टक्के लागतो. काही तिकिटांत तो आधीच धरलेला असतो, काहींत पैसे भरताना वाढतो. त्यावर बुकिंग शुल्क येते. शिवाय तिकीट काही महिने आधी काढावे लागते. ‘कोल्डप्ले’च्या जानेवारीतल्या कार्यक्रमांची विक्री २२ सप्टेंबर २०२४ लाच सुरू झाली होती. म्हणजे पैसे चार महिने आधी गुंतले.

त्या वेळी मूळ तिकिटे २,५०० ते ३५,००० रुपयांची होती. ती काही मिनिटांत संपली आणि मग तीच तिकिटे दुसऱ्या संकेतस्थळांवर लाखांच्या घरात विकायला आली. या काळ्या बाजाराच्या तपासात सक्तवसुली संचालनालयाने (ईडी) ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक शहरांत छापे घातले. खोट्या तिकिटांच्याही तक्रारी झाल्या. तिकिटासाठी अनोळखी माणसाला यूपीआयने पैसे पाठवणे हा या छंदातला सर्वांत महागडा प्रकार ठरू शकतो.

राहूहून जाणाऱ्याला एक कॉन्सर्ट केवढ्याला पडतो?

एक नमुना हिशेब करू. यातले आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमचे आकडे घालून तुम्हीही तो करू शकता. पुण्यातला कार्यक्रम, सर्वांत स्वस्त रांगेतले तिकीट आणि जाण्या-येण्याला स्वतःची मोटारसायकल असे धरू.

तिकीट : २,५०० रुपये
जीएसटी १८ टक्के : ४५० रुपये
बुकिंग शुल्क : १५० रुपये
जाऊन-येऊन साधारण १०० किलोमीटरचे पेट्रोल : २०० रुपये
पार्किंग : १०० रुपये
आत गेल्यावर खाणे आणि पाणी : ६०० रुपये
एकूण : ४,००० रुपये

म्हणजे तिकिटाच्या दाखवलेल्या किमतीवर आणखी ६० टक्के. महिन्याला १८,००० रुपये कमावणाऱ्याचे कामाचे २६ दिवस धरले, तर रोजचे सुमारे ६९० रुपये होतात. एक संध्याकाळ जवळपास सहा दिवसांच्या कमाईची झाली. दर महिन्याला गेले तर वर्षाचे ४८,००० रुपये, म्हणजे अडीच महिन्यांहून अधिक पगार. तीन महिन्यांतून एकदा गेले तर १६,०००. वर्षातून एकदाच गेले तर ४,०००. ‘परवडते का’ या प्रश्नाचे उत्तर तिकिटापेक्षा खेपांच्या संख्येवर अधिक अवलंबून आहे, ते असे.

कार्यक्रम नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर असेल तर गणित आणखी बदलते. एका बाजूचेच अंतर दीडशे किलोमीटरहून अधिक. रात्रीचा मुक्काम किंवा भाड्याची गाडी आणि दुसऱ्या दिवसाची बुडालेली हजेरी हेही त्यात धरावे लागते.

परतीच्या रस्त्याची किंमत कोणी धरते का?

बहुतेक जण धरत नाहीत. शहरातला प्रेक्षक कार्यक्रम संपल्यावर रिक्षाने किंवा मेट्रोने घरी पोहोचतो. राहूच्या माणसाची खरी कसरत तिथून सुरू होते. पुणे-दौंड लोहमार्गावर उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव ही स्थानके आहेत, पण गाडी मिळाली तरी स्थानकापासून गावापर्यंतचा रस्ता उरतोच. दोन्ही बाजूंना ऊस, वाटेत गाळपाच्या हंगामातल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि अलीकडे बिबट्याची धास्ती. अशा रस्त्याने मध्यरात्री मोटारसायकलवर येणे ही जोखीमच आहे. पुण्यात मित्राच्या खोलीवर थांबून पहाटे निघणे शहाणपणाचे.

कार्यक्रम जवळ आला की प्रश्न सुटतो, असेही नाही. डिसेंबर २०१६ मध्ये ‘सनबर्न’ महोत्सव गोव्याहून पुण्याला आला तो केसनंदला. हे गाव वाघोलीहून राहूकडे येणाऱ्या रस्त्यावरच आहे. पण अंतर कमी झाले म्हणून तिकीट स्वस्त होत नाही.

आनंदाबद्दल संशोधन काय सांगते?

कॉन्सर्टच्या बाजूनेही ठोस मुद्दे आहेत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लीफ व्हॅन बोव्हन आणि थॉमस गिलोविच यांचा २००३ मधील अभ्यास प्रसिद्ध आहे. वस्तूंवर खर्च करण्यापेक्षा अनुभवांवर केलेला खर्च माणसांना अधिक समाधान देतो, असे त्यांना आढळले. नव्या मोबाइलचे कौतुक काही आठवड्यांत ओसरते. मित्रांसोबत पाहिलेल्या कार्यक्रमाची गोष्ट मात्र आपण वर्षानुवर्षे सांगत राहतो.

प्रत्यक्ष गाण्यात काही वेगळे असते, यालाही आधार आहे. झुरिच विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पियानोवादक समोर वाजवत असताना ऐकणाऱ्याच्या मेंदूतील भावनांशी निगडित भागाची हालचाल त्यांनी मोजली. वादक त्या प्रतिसादानुसार वादन बदलत होता. रेकॉर्ड केलेल्या संगीताच्या तुलनेत प्रत्यक्ष वादनाने हा भाग जास्त आणि सातत्याने उद्दीपित झाला. समोरच्या दादीने गवैया खुलतो, हे आपल्या बैठकीच्या गाण्याला ठाऊक होतेच.

‘पंधरा दिवसांतून एक कॉन्सर्ट, आयुष्य नऊ वर्षांनी जास्त’ हा दावा खरा का?

हा दावा समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतो. तो २०१८ मध्ये ब्रिटनमधून आला. २० मिनिटांच्या लाइव्ह संगीताने ‘समाधान’ २१ टक्क्यांनी वाढते, असे त्यात म्हटले होते. मग ‘समाधानी माणसे जास्त जगतात’ हा दुसऱ्याच अभ्यासाचा निष्कर्ष त्याला जोडण्यात आला आणि नऊ वर्षांचा आकडा निघाला. पंधरवड्यातून एकदा कॉन्सर्टला जाणाऱ्यांचे आयुष्य कोणी मोजून पाहिले नव्हते. आणखी एक गोष्ट : हा अभ्यास करून घेणारी ‘ओटू’ ही दूरसंचार कंपनी होती. कॉन्सर्टच्या सभागृहांना तिचे नाव आहे आणि ती आपल्या ग्राहकांना तिकिटे आधी मिळवून देते. त्यामुळे ही ‘नऊ वर्षे’ जाहिरात म्हणूनच वाचावीत.

वारंवार गेल्याने मजा कमी होते का?

माणूस चांगल्या गोष्टीला लवकर सरावतो. पहिल्या कॉन्सर्टला अंगावर आलेला काटा सहाव्या वेळी तेवढा येईलच असे नाही. खर्च मात्र सहाव्या वेळीही तेवढाच असतो. त्यातही आपल्याला मनापासून आवडणारा कलाकार आणि ‘सगळे चाललेत म्हणून’ काढलेले तिकीट यांत फरक आहे. गाणे शिकणाऱ्या, भजनी मंडळात पखवाज वाजवणाऱ्या किंवा साउंडचे काम करणाऱ्या माणसाला मात्र वारंवार ऐकणे हा अभ्यास असतो. त्याचा हिशेब वेगळा.

आपल्याकडे वारंवार ऐकणे कसे परवडत होते?

भीमेच्या या पट्ट्यात लाइव्ह कार्यक्रम नवीन नाहीत. यात्रेत रात्री छबिना आणि तमाशा, दुसऱ्या दिवशी हजेऱ्या आणि कुस्त्यांचा आखाडा, ही पुणे जिल्ह्यातल्या गावांची जुनी रीत. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे जाऊन सुपारी ठरवतात. केडगाव-चौफुला तर संगीतबारीसाठी ओळखला जातो. शिवाय हरिनाम सप्ताहातली कीर्तने आणि आषाढी वारीत तुकाराम महाराजांच्या पालखीचा यवतचा मुक्काम. त्या रात्री पिठलं-भाकरीसोबत टाळ-मृदंगाचा गजर ऐकायला तिकीट लागत नाही.

ही गाणी फुकट नव्हती. फडाला सुपारी द्यावी लागते, कलाकारांची पोटे त्यावर चालतात. पण पैसा वर्गणीचा असतो. समजा, गावाने यात्रेच्या कार्यक्रमावर दोन लाख खर्च केले आणि हजार उंबरे वर्गणी देणारे असतील, तर घरटी २०० रुपये पडतात. त्यात आजीपासून नातवापर्यंत सगळे ऐकतात. तिकिटाच्या कार्यक्रमात प्रत्येक डोक्याचे पैसे वेगळे मोजले जातात. चार जणांचे घर कॉन्सर्टला निघाले की ४,००० चे १६,००० होतात. महाग काय झाले, याचे एक उत्तर इथे आहे : वर्गणीत गावभर वाटला जाणारा खर्च तिकिटात एकट्याच्या खिशावर येतो.

तिकीटही परवडणारे असू शकते का?

पुण्यातच त्याचे उदाहरण आहे. पं. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव आज मुकुंदनगरला डिसेंबरात पाच दिवस चालतो. तिथे भारतीय बैठकीवर बसून एका दिवसात अनेक कलाकार ऐकता येतात. तासाला किती रुपये पडले, या मापाने पाहिले तर मोठ्या स्टेडियमवरचा कार्यक्रम त्याच्या जवळपासही येत नाही. पूर्वी हा महोत्सव रात्रभर चाले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. वर्षातले मोजके दिवसच राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. यात्रेतल्या रात्रभराच्या तमाशालाही हाच नियम लागू आहे.

भीमसेनजींचीच आणखी एक गोष्ट. अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका दुकानात ऐकून ते वेडावले आणि १९३३ मध्ये, अकरा वर्षांचे असताना, गुरूच्या शोधात घराबाहेर पडले. गाण्याची ओढ रेकॉर्डवरूनही लागते. प्रत्येक वेळी मैदानात उभे राहिलेच पाहिजे, असे नाही. ‘कोल्डप्ले’चा २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम तर मोबाइलवर थेट दाखवला गेला होता.

कानांचा खर्च कोणता?

हा खर्च पावतीवर येत नाही. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास थांबणे सुरक्षित मानले जाते. पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या ठिकाणी सरासरी आवाज १०० डेसिबलच्या वर नसावा, अशी मर्यादा सुचवली. म्हणजे मर्यादा पाळली तरी तीन तास स्पीकरच्या भिंतीसमोर उभे राहणे कानांना जड जाते. एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग घाला, स्पीकरपासून लांब थांबा आणि मधूनमधून शांत जागी जा. वारंवार जाणाऱ्यांनी तर हे पाळायलाच हवे.

मग जावे की नाही?

जावे, पण मोजून. चार गोष्टी तपासून पाहता येतील.

पहिली, तिकीट नव्हे तर एकूण खर्च काढा आणि तो किती दिवसांच्या कमाईइतका आहे ते पाहा.

दुसरी, हप्त्यावर किंवा क्रेडिट कार्डची थकबाकी ठेवून तिकीट काढू नका. कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त व्याज लागते.

तिसरी, स्टेटस टाकता येणार नसेल तरी जाल का, हे स्वतःला विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर पैसे राखून ठेवा.

चौथी, वर्षातून एक-दोन मोठे कार्यक्रम निवडा. बाकीची भूक सवाई, दिवाळी पहाट, कीर्तन आणि गावच्या यात्रेवर भागवा.

गाणे समोर बसून वारंवार ऐकावे, यात दुमत नाही. ते दर वेळी चार हजारांचेच असावे लागत नाही, एवढेच. पुढच्या यात्रेला वर्गणी मागायला मंडळी दारात आली, तर त्या पावतीकडेही तिकीट म्हणून पाहता येईल. त्यावर अख्खे घर ऐकते आणि घरी परतायला पायी पाच मिनिटे लागतात.